ख्रिस्ती मतातील ईश्वरस्वरूप



पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावे ऐकून ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आढळतो. परमताचे परीक्षण करण्यापूर्वी पूर्वपक्ष यथार्थ मांडावा, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त होय. त्या शिस्तीने पाहू जाता हा समज टिकत नाही.

ख्रिस्ती मत यहुदी परंपरेतून उद्भवलेले व एकेश्वरवादी आहे. ईश्वर एक व अनादी. जग हा त्याचा परिणाम किंवा विवर्त नसून त्याच्या इच्छेने शून्यातून झालेली सृष्टी, असे ते मानते. अद्वैतमताशी त्याचा मुख्य भेद येथेच आहे.

मग येशूचे स्थान कोणते? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियस नामक धर्मोपदेशकाने पुत्र हा ईश्वराने निर्मिलेला, असे प्रतिपादिले. इ. स. ३२५ मध्ये निकीया येथील धर्मपरिषदेने ते मत त्याज्य ठरवून पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय दिला. हा केवळ शब्दच्छल नव्हता. जो स्वतः निर्मित, तो इतर निर्मितांस ईश्वराशी कसा जोडणार, हा अथनेशियसचा प्रश्न होता. पुत्र ईश्वर नसेल तर उद्धाराची आशाच खुंटते, हे त्याचे मर्म. पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्माही पिता-पुत्रांसह पूज्य ठरविला.

अशा रीतीने तत्त्व एक व व्यक्ती तीन, हा सिद्धांत स्थिर झाला. येथे 'व्यक्ती' या शब्दाने पृथक् माणसे समजू नयेत. तिघांचा भेद परस्परसंबंधापुरताच आहे. ऑगस्टिनने एकाच मनातील स्मृती, बुद्धी व इच्छा यांचा दृष्टांत दिला आणि तोही अपुराच, असे मान्य केले. त्रिमूर्तीप्रमाणे उत्पत्ती, स्थिती व लय यांची येथे वाटणी नाही. अवतारकल्पनाही निराळी: येशूचे मनुष्यत्व एकदाच घडलेले व कायमचे. एकाच व्यक्तीत ईश्वरत्व व मनुष्यत्व पूर्णपणे नांदतात, असे ४५१ मध्ये खाल्सिदोनच्या परिषदेने ठरविले.

गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने हे मत मराठी ओवीत सांगितले. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा आपल्याच परिचयाचा शब्द येतो. अर्थ मात्र ख्रिस्ती आहे. शब्द सामाईक असले की अर्थही तोच, असे मानण्याचा मोह होतो. तो आवरून शेजाऱ्याचा शब्द त्याच्याच अर्थाने ऐकावा. मग मतभेद उरला तरी तो खरा मतभेद असेल, आणि त्यावर निर्वैर संवाद करता येईल.