सावड मोडली, सावडणं उरलं

(हरिनाम सप्ताहातील कीर्तनसेवेचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

माउली हो, सेवेचा अभंग आपण सर्वांनी टाळमृदंगाच्या साथीत म्हटलात. आता त्यातला एकच शब्द धरून बसायचंय. तो शब्द म्हणजे संगत. संतांनी देवाजवळ फार थोडं मागितलं, आणि त्या थोडक्यात संगत मागितली. देव भेटावा ही इच्छा तर होतीच, पण देवाकडे जाताना शेजारी कुणीतरी चालणारं असावं, ही त्यांची भूक होती.

आता मला सांगा, आज आपल्या शेजारी कोण चालतंय? (टाळकरी एकमेकांकडे बघतात. हशा.) तुम्ही हसलात, कारण तुमच्या शेजारी टाळकरी आहे. घरी गेल्यावर कोण आहे?

सज्जन हो, हा प्रश्न एकट्या आपल्या गावाचा नाही. विलायतेच्या सरकारने २०१८ साली लोकांच्या एकटेपणासाठी मंत्री नेमला. शेतीला मंत्री, रेल्वेला मंत्री, तसा एकटेपणाला मंत्री! जपानने २०२१ साली तेच केलं. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आयोग बसवला. म्हणजे माणसाला माणूस मिळेना, हे आता आजारात धरलं जातंय. आपण म्हणतो, ते तिकडचं, थंड देशांचं. आपल्याकडं कसलं एकटेपण? गाव आहे, भावकी आहे, जत्रा आहे. बघू या.

आपल्या सातारा-सांगली भागात एक शब्द होता, सावड. म्हाताऱ्या मंडळींना माहीत आहे. पोरांनो, तुम्ही ऐकला नसेल. आज माझ्या रानात भांगलण, तुम्ही सगळे या. उद्या तुमच्या रानात, मी येतो. पैसा नाही, हिशेब नाही. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांचं मिळून औत, त्याला पैरा म्हणायचे. एखाद्याचं काम फार अडलं तर सारं गाव त्याच्या रानात उतरायचं, ते इरजिक. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. काम करता करता गाणी व्हायची, थट्टा व्हायची, कुणाच्या लेकीचं स्थळ तिथंच ठरायचं. मैत्री कुणी मुद्दाम केली नव्हती. कामाच्या मुद्दलावर ते व्याज आपोआप मिळत होतं.

मग ट्रॅक्टर आला. चांगलं झालं, बैलाचे आणि माणसाचे हाल वाचले. गिरणी आली, जातं थांबलं. दारात नळ आला, पाणवठा ओस पडला. माझी आई पहाटे तीनला दळायला बसायची, म्हणून मी कुणाला सांगणार नाही की जातं परत आणा. ज्यांनी डोक्यावर तीन-तीन हंडे वाहिले त्या मायमाउलींना विचारा, त्या नळालाच नमस्कार करतील. पण महाराज, झालं काय, की कष्ट गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर बसून सोबतही गेली. जात्याला दोघी लागायच्या, गिरणीला पिशवी लागते. औताला शेजारी लागायचा, ट्रॅक्टरला डिझेल लागतं. गरज संपली, तशी ये-जा संपली. भांडण न होता माणसं तुटली, हे या काळाचं नवल आहे.

आणि पोटासाठी बाहेर पडणं, ते तर आपल्या पाचवीला पुजलेलं. पाटण-जावळीची माणसं मुंबईला गिरणीत गेली, माथाडीत गेली. पण तिथं गावकीची खोली असायची. एका खोलीत एका गावची पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. जागा नव्हती, पण एखाद्याला ताप आला तर उशाला चौघं बसलेली असायची. १९८२ चा संप झाला, पुढं एकेक गिरणी बंद पडली, त्या खोल्याही गेल्या. आता त्याच मुंबईत नातवाचा फ्लॅट आहे. दाराला एक बारीक भोक आहे, त्यातून आधी बघायचं कोण आलंय, मग उघडायचं का नाही ते ठरवायचं!

विटा-खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्याला गेली. हिंदुस्थानात कुठल्याही शहराच्या सराफ पेठेत जा, सोनं-चांदी गाळणारा आपल्या मातीतला भेटेल. दुष्काळी रानातून उठून त्यांनी नाव काढलं, गावाकडं बंगले बांधले, देवळांना कळस चढवले. त्यांचं कौतुकच आहे. त्या भागात एका गावी कीर्तनाला गेलो होतो. उतरायची सोय एका मोठ्या बंगल्यात. घरात म्हातारबाबा एकटेच. गेटवर कॅमेरा, अंगणात कॅमेरा, ओसरीवर कॅमेरा. मी म्हटलं, "बाबा, चोरांची भीती का?" म्हणाले, "न्हाई महाराज. पोरगं तिकडं दुकानात बसून मोबाईलवर मला बघतंय. पडलो-झडलो तर कळावं म्हणून." पोरगा गुणाचाच, बापाची काळजी आहे. बाबा पुढं म्हणाले, "बघणारा हाय, महाराज. बसणारा कोण न्हाई."

बघणारा आहे, बसणारा नाही. माउली हो, आपल्या सगळ्यांच्या मोबाईलचं वर्णन त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात केलं. वाढदिवसाला दोनशे जण फुलाचं चित्र पाठवतात, दवाखान्यात डबा घेऊन येणारा एक मिळत नाही.

(विठ्ठल नामाचा गजर)

आता कुणी म्हणेल, महाराज, जुनं ते सगळं सोनं होतं का? नव्हतं. खोटं कशाला बोलू? गावकी होती, पण सगळ्यांना तिच्यात जागा नव्हती. चोखोबाराय मंगळवेढ्याला वेशीच्या बांधकामात भिंत कोसळून गेले. त्यांना देवळाच्या आत जायला मिळालं नाही. पण त्यांच्या अस्थी आणायला कोण गेलं? नामदेवराय गेले. नामदेव शिंपी, चोखोबा महार. परंपरा सांगते, ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं नामदेवांनी ओळखलं आणि महाद्वारी समाधी दिली. मित्र तो, जो आपल्याला नामावरून ओळखतो, जातीवरून नाही. आपल्याला जुनं गाव परत आणायचं नाही. संतांनी जे गाव मांडलं, ते उभं करायचंय.

ते गाव दरवर्षी रस्त्यावर चालतं, त्याचं नाव दिंडी. हैबतबाबा आपल्या साताऱ्याच्या आरफळचे. शिंदे सरकारच्या पदरी सरदारकी केलेला माणूस. मनात आणलं असतं तर घोड्यावर बसून एकटे पंढरीला गेले असते. त्यांनी एकट्याची वाट धरली नाही. माउलींच्या पालखीला त्यांनी दिंड्यांची शिस्त लावली. आजही तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तेव्हा लाखाच्या गर्दीत कुणी अनोळखी नसतो. पाया पडायला नाव विचारावं लागत नाही, समोरचा माउली असतो. आणि रात्री मुक्कामावर पंगतीला एक माणूस कमी दिसला, की विणेकरी उठतो : "अरे, तो कुठं राहिला?" बाबांनो, तुम्ही चार दिवस दिसला नाहीत, तर "तो कुठं राहिला" असं विचारणारं गावात कोण आहे? आणि तुम्ही कुणाबद्दल विचारता?

भागवताच्या दशम स्कंधात सुदामदेवाची कथा आहे. आपण पोहे लक्षात ठेवले, सोन्याची नगरी लक्षात ठेवली. पण भेट झाल्यावर भगवंतांनी आठवण कशाची काढली? सांदीपनींच्या आश्रमातल्या एका रात्रीची. गुरुपत्नीनं लाकडं आणायला धाडलं, रानात वादळ-पाऊस सुरू झाला, वाट सापडेना, आणि सगळे एकमेकांचे हात धरून रात्रभर हिंडत राहिले. ती देवाची सावड! द्वारकेचं वैभव समोर असताना देवाला ती भिजलेली रात्र आठवली. मैत्री सुखात जेवून होत नाही, ती एकत्र भिजून होते. आपण पोरांना भिजूच देत नाही, मग त्यांना मित्र कुठून मिळणार?

आणि सुदामा तरी काय घेऊन गेला? मागून आणलेले मूठमूठ पोहे, फाटक्या चिंधीत. लाजला, लपवले. पण गेला. आपण काय म्हणतो? "बरेच दिवस झाले, आता कुठल्या तोंडानं जाऊ?" त्याच तोंडानं जा.

कराडकडचे दोघे जण मला ठाऊक होते. एकाच दिंडीत शेजारी शेजारी टाळ वाजवायचे. बांधावरून बिनसलं, दोन तासांची जमीन. वारी दोघांनी सोडली नाही, पण एक पुढच्या ओळीत, एक मागच्या. सोळा वर्षं. मग एक गेला. तिसऱ्या दिवशी दुसरा नदीवर आला, राख सावडायला वाकला, आणि त्याला उठता येईना. कोणीतरी म्हणालं, बाबा, उठा. तो म्हणाला, "ह्याच्या रानात सावडीला शेवटचा कधी आलो, ते आठवतोय."

सज्जन हो, शब्द बघा. सावड मोडली, आता आपण फक्त सावडायला जमतो. लग्नाला वेळ नाही, आजारपणाला वेळ नाही, मातीला मात्र सगळे हजर, गाड्या करून!

संताजी महाराज जगनाडे तुकोबारायांच्या टाळकऱ्यांपैकी. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. आख्यायिका अशी, की जो आधी जाईल त्याला दुसऱ्यानं माती द्यायची असं दोघांचं ठरलेलं. संताजींच्या वेळी माती लोटून लोटून चेहरा झाकेना. तेव्हा वैकुंठाला गेलेले तुकोबा परत आले, तीन मुठी माती दिली आणि चेहरा झाकला. पण त्या तीन मुठींना एवढं मोल का आलं? जन्मभर एका टाळेत उभे राहिले म्हणून. जिवंतपणी पोहे नेले नसतील, तर नुसत्या मातीच्या मुठीला काय अर्थ?

म्हणून काल्याच्या आधी एक नेम घेऊन जा. माळ घातलेल्यानं तरी घ्या. ज्याचं दार तुम्ही फार दिवस चढला नाहीत, तो या गावात असेल, शेजारच्या वाडीत असेल, त्याच्याकडे या एकादशीच्या आत जायचं. फोन करून नाही, पायानं. काम काढून नाही, रिकामं. बांधाचं बोलायचं नाही. हातात काहीतरी न्या, मूठभर शेंगा न्या, आणि एक चहा होईपर्यंत मोबाईल खिशात ठेवून बसा. तो बोलला नाही तरी बसा. बघणारे पुष्कळ झाले, बसणारा व्हा.

उद्या काल्याला त्याला बरोबर घेऊन या. दोघांनी एका द्रोणातला काला खाल्लात, तर माझी सेवा रुजू झाली.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम!