‘इट’ कुठे बसतं?



‘स्विच ऑफ द फॅन’ म्हटलं तरी चालतं आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ म्हटलं तरी चालतं. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आलं की ही मोकळीक संपली. मग ‘स्विच इट ऑफ’, एवढं एकच. ‘स्विच ऑफ इट’ असं इंग्लंडमधलं शाळकरी पोरही म्हणणार नाही. त्याला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, आणि विचारलंत तर सांगताही येणार नाही. क्रियापद, सर्वनाम आणि ‘ऑफ’, ‘ओव्हर’, ‘टु’ असले चिमुकले शब्द कोणत्या क्रमाने बसतात, हा विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या इंग्रजीतली मराठी जितकी इथे उघडी पडते, तितकी उच्चारातही पडत नाही, असं माझं मत आहे.

आता दोन वाक्यं ऐका. ‘शी लुक्ड ओव्हर द वॉल.’ ‘शी लुक्ड ओव्हर द पेपर्स.’ पहिल्यात ती भिंतीपलीकडे डोकावली, दुसऱ्यात तिने कागद नजरेखालून घातले. वरून दोन्ही वाक्यं जुळी दिसतात. सर्वनाम घातलं की फरक बाहेर येतो. भिंत असेल तर ‘लुक्ड ओव्हर इट’, कागद असतील तर ‘लुक्ड देम ओव्हर’. भिंतीच्या वाक्यातला ‘ओव्हर’ भिंतीचा आहे, तिला सोडून तो कुठे जात नाही. कागदांच्या वाक्यातला ‘ओव्हर’ क्रियापदाचा आहे, म्हणून सर्वनाम दोघांच्या मधे शिरू शकतं. आपण शाळेत दोघांनाही प्रिपोझिशन म्हणून मोकळे झालो होतो. व्याकरणकार या दुसऱ्याला पार्टिकल म्हणतात.

कान तयार असेल तर हा भेद ऐकूही येतो. ‘लुक अ‍ॅट इट’ म्हणताना जोर ‘लुक’वर असतो, ‘अ‍ॅट’ जेमतेम उच्चारला जातो. ‘स्विच इट ऑफ’मध्ये मात्र आघात शेवटच्या ‘ऑफ’वर पडतो. आपण सगळे शब्द सारख्याच जोराने म्हणतो, त्यामुळे ही खूण आपल्या हाती लागत नाही.

सर्वनामालाच ही सक्ती का? इंग्रजी वाक्याला नवी, वजनदार गोष्ट शेवटी ठेवायला आवडतं. ‘इट’ म्हणजे आधी बोलणं झालेली, दोघांनाही ठाऊक असलेली वस्तू. तिला शेवटचं मानाचं पान कशाला? ती क्रियापदाला चिकटून बसते. उलट ‘काल दुरुस्त करून आणलेला स्वयंपाकघरातला पंखा’ अशी लांबण असेल, तर इंग्रज ‘स्विच ऑफ’ आधी उरकून घेतो आणि मग पंख्याची कुळकथा सांगतो. लांबणीच्या अलीकडे ‘स्विच’ आणि पलीकडे एकटा ‘ऑफ’ राहिला, तर ऐकणाऱ्याचा धीर सुटतो.

हा सगळा मेळ एकाच वाक्यात पाहायचा असेल तर हे घ्या: ‘डोन्ट टेक इट आउट ऑन मी.’ माझ्यावर राग काढू नकोस. ‘टेक’ क्रियापद, ‘इट’ सर्वनाम, ‘आउट’ पार्टिकल, आणि ‘ऑन मी’ हे शब्दयोगी अव्ययासह आलेलं दुसरं सर्वनाम. यातला एकही शब्द जागचा हलवता येत नाही. गंमत म्हणजे राग हा शब्द वाक्यात कुठेच नाही. ‘इट’ म्हणजे तोच, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. आपण मात्र रागाचं नाव घेतो. ‘ऑन मी’चं काम ‘माझ्यावर’ या एका शब्दात होतं, आणि तो वाक्यात पुढेमागे कुठेही ठेवा, मराठी तक्रार करत नाही.

आता कोणी म्हणेल, हे ‘अप’ आणि ‘आउट’ क्रियापदाला जोडायचं खूळ इंग्रजांनाच सुचावं! तसं काही नाही. आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो, तिथे इंग्रज ‘ईट इट अप’ म्हणतो. ‘लिहून घे’, ‘वाचून काढ’, ‘देऊन टाक’. खाण्यात ‘टाकणं’ कुठून आलं, हे परभाषकाला समजावताना आपलीही तारांबळ उडते. इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की, क्रियापदामागे असा शब्द लावून अर्थ फिरवण्याची इंग्रजीची सवय परक्यांना सर्वांत जड जाते. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा, १९२५ साली, लोगन पिअरसल स्मिथच्या पुस्तकात आलं.

आपली खरी घसरगुंडी होते ती ‘मला’पाशी. ‘मला दे’, ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘तो मला म्हणाला’: चारही ठिकाणी एकच ‘ला’. त्यामुळे ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’ जमतं आणि त्याच धडाक्यात ‘एक्सप्लेन मी’, ‘ही सेड मी’ तोंडातून निघून जातं. तिथे हवं असतं ‘एक्सप्लेन इट टु मी’, ‘ही सेड टु मी’. ‘-विषयी चर्चा’ करायची सवय, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘डिस्कस’ला कुठलंच शेपूट लागत नाही.

कुठे नुसतं ‘मी’ आणि कुठे ‘टु मी’, यामागे थोडा इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या. ‘त्याला पाहिलं’ यातला ‘त्याला’ वेगळा, ‘हिने’. आणि ‘त्याला दिलं’ यातला वेगळा, ‘हिम’. पुढे नामांचे प्रत्यय झडले, ‘हिने’ गेला, एकटा ‘हिम’ दोन्ही कामं करू लागला आणि बाकीचा भार शब्दक्रमावर आणि ‘टु’वर पडला. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘सेंड’, ‘शो’ ही घरची क्रियापदं. त्यांच्यापुढे जुन्या वहिवाटीने नुसतं ‘मी’ चालतं. ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘डोनेट’ ही लॅटिन घराण्यातून आलेली मंडळी. त्यांना ‘टु’ लागतो. ‘प्रॉमिस’, ‘पे’ असे अपवाद आहेत, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं.

आणि दोन्ही कर्मं सर्वनामंच असली तर? ‘गिव्ह मी इट’ पुष्कळांच्या कानाला खटकतं, म्हणून ‘गिव्ह इट टु मी’ हा राजमार्ग. पण उत्तर इंग्लंडात आणि मिडलंड्समध्ये लोक अजूनही ‘गिव्ह इट मी’ म्हणतात. ‘टु’ नाही, काही नाही. आपल्याकडल्या एखाद्या विद्यार्थ्याने पेपरात हे लिहिलं, तर मास्तर लाल रेघ ओढल्याशिवाय राहायचे नाहीत.