फुटपाथचे पैसे कोण मागणार?

(मंचाच्या न्यू जर्सीतील बैठकीत केलेले भाषण)



आपल्या बैठकांत जागतिकीकरण, जातिव्यवस्था, शेतकऱ्यांच्या आत्महत्या अशा विषयांवर चर्चा होते. त्या मानाने आजचा माझा विषय किरकोळ वाटेल: गावातला फुटपाथ, आणि त्याचे पैसे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील सहा-सहा महिने इथे येऊन राहतात. गाडी चालवत नाहीत, घरात बसून कंटाळतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ फिरायला निघतात. वसाहतीच्या तोंडाशी फुटपाथ संपतो आणि मग ते रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या शेजारून चालतात. त्याच कडेने रात्री उशिरा हॉटेलातला कामगार सायकलवरून घरी जातो. त्याच्याकडे तर गाडी घेण्याचा पर्यायही नसतो.

२००९ साली अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी वाहनांच्या धडकेत मेले. २०२२ साली हा आकडा साडेसात हजारांच्या आसपास गेला. गाड्या मोठ्या झाल्या, हातात फोन आले. कोणत्या कारणाचा वाटा किती यावर संशोधकांत वाद आहेत. वेगाचं गणित मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. एएए फाउंडेशनच्या २०११ च्या अभ्यासानुसार ताशी २३ मैलांच्या धडकेत मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के, ३२ मैलांना २५ टक्के आणि ४२ मैलांना ५० टक्के. त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष आपल्या घरांना लागू पडतो. सत्तर वर्षांच्या माणसाला २५ मैलांच्या धडकेत जेवढा धोका, तेवढा तिशीतल्या माणसाला ३५ मैलांच्या धडकेत. म्हणजे रस्ता आपल्याला 'ठीक' वाटतो तेव्हा तो आपण आपल्या वयासाठी मोजलेला असतो.

यावर उपाय फार खर्चिक असतात, असं नेहमी सांगितलं जातं. आपल्या शेजारचं होबोकेन पाहा. जेमतेम एक चौरस मैलाचं, साठ हजार वस्तीचं शहर. जानेवारी २०१७ मध्ये तिथे रस्ता ओलांडताना एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या सात वर्षांत तिथे वाहतूक अपघातात एकही माणूस दगावला नाही. २०१८ साली महापौर झालेल्या रवी भल्लांनी हा प्रश्न लावून धरला, पण जे केलं ते अगदी साधं होतं. कोपऱ्यावरच्या गाड्या हटवल्या, म्हणजे चालणारा आणि चालवणारा एकमेकांना दिसतात. क्रॉसिंगपासून २५ फुटांत पार्किंग नको हा राज्याचा कायदा जुनाच आहे. होबोकेनने तिथे खांब, सायकल-स्टँड, झाडांचे वाफे बसवून तो पाळायला लावला. रस्त्याचं डांबरीकरण करायचंच असतं, तेव्हाच नवे पट्टे आखून घेतले. २०२२ मध्ये वेगमर्यादा २० मैलांवर आणली. होबोकेन दाट वस्तीचं, आपली उपनगरं विरळ, हा आक्षेप रास्त आहे. पण कोपरे आपल्याकडेही आहेत.

आता पैसे. २००५ च्या संघराज्य कायद्याने शाळेच्या सुरक्षित वाटांसाठी पाच वर्षांकरता ६१ कोटी डॉलर ठेवले, आणि त्यात गावाने हिस्सा घालायची अट नव्हती. २०२१ च्या कायद्याने सुरक्षित रस्त्यांसाठी २०२२ ते २०२६ या काळाकरता ५ अब्ज डॉलर ठेवले. हे गावांना थेट मागता येत होते, मात्र २० टक्के गावाचे हवेत आणि बांधकामासाठी अर्ज करण्याआधी आराखडा तयार हवा. खरी मेख इथे आहे. ज्या गावाकडे अर्ज लिहायला माणूस नाही किंवा हिश्शाची तरतूद नाही, त्याला दिल्लीचं (माफ करा, वॉशिंग्टनचं!) अनुदान असून नसल्यासारखं. बहुधा खर्चही आधी गावाने करायचा, परतफेड नंतर. म्हणून निर्णय होतो तो आपल्या टाऊनशिपच्या बजेटमध्ये, मंगळवारी रात्री, वीस रिकाम्या खुर्च्यांसमोर.

खुर्च्या भरतात तेव्हा कोण येतं? फुटपाथला विरोध करणारे. त्यात आपली मंडळीही असतात, हे मी स्वतः ऐकलंय. "लॉन जाईल", "बर्फ कोण काढणार?" दुसरा प्रश्न खोटा नाही. न्यू जर्सीतल्या बहुतेक गावांत फुटपाथची दुरुस्ती आणि बर्फ घरमालकाच्या माथी, आणि गाड्यांचा रस्ता मात्र सर्वांच्या करातून. हा अन्यायच आहे. डेन्व्हरच्या मतदारांनी २०२२ मध्ये मतदान करून फुटपाथची जबाबदारी शहराकडे दिली आणि त्यासाठी वेगळी फी मान्य केली. आपण तेच मागू शकतो. बर्फाच्या भीतीने फुटपाथच नको म्हणणं मला पटत नाही.

रस्त्यांसाठी कर्ज काढायचा ठराव आला की अंतिम मंजुरीपूर्वी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. एच-वनवर असलेला बोलू शकतो, ग्रीन कार्डवाला बोलू शकतो. नाव सांगायचं, दोन-चार मिनिटांत मुद्दा मांडायचा: डांबराचं काम कुठे निघतंय, तिथला कोपरा मोकळा होणार का, अनुदानाच्या हिश्शाची तरतूद केली आहे का. आणि आई-बाबा इथे असतील तर त्यांनाही सोबत न्या. ते मराठीत बोलले तर भाषांतर करायला आपण आहोतच.