उरलेल्या कागदाचे आयुष्य



भिंतीला लावण्याचा नक्षीदार कागद, म्हणजेच वॉलपेपर, काम संपल्यावर हटकून उरतो. याचे कारण साध्या हिशेबात आहे. युरोपात प्रचलित असलेली गुंडाळी सुमारे १० मीटर लांब व ५३ सेंटिमीटर रुंद असते. अडीच मीटर उंच भिंतीवर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येणारी नक्षी जुळवायची, तर प्रत्येक पट्टी २५६ सेंटिमीटरची कापावी लागते. तीन पट्ट्या निघतात. चौथीला अपुरा असा सव्वादोन मीटरांहून अधिक लांबीचा तुकडा शिल्लक राहतो.

अशा कागदाने एका स्त्रीचा संसार सावरला. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात जॅफ्री गावी राहणारी हॅना डेव्हिस (१७८४–१८६३) ही घड्याळे करणाऱ्या कारागिराची मुलगी. १८१८ मध्ये आई वारली आणि अविवाहित हॅना एकटी, निराधार झाली. तिने स्प्रूस वृक्षाच्या लाकडाचे पातळ पत्रे वाकवून टोप्या व कपडे ठेवण्याच्या हलक्या पेट्या बनविल्या. त्यांना बाहेरून वॉलपेपर व आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटविली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या मुलींना त्या विकून आयुष्यभर स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

त्या काळी अशा पेट्यांवर भिंतीच्या कागदाचे शिल्लक तुकडेही लावीत. भिंतींवरचे कागद कालांतराने खरवडले गेले. पेट्यांवरचे मात्र संग्रहालयांत पोहोचले. आतील वर्तमानपत्रांवरून त्यांचा काळही अजमावता येतो.

हॅना निवर्तली त्याच वर्षी, १८६३ मध्ये, मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग शहराला वेढा पडला होता. छपाईचा कागद संपल्यावर तेथील ‘डेली सिटिझन’ हे वृत्तपत्र वॉलपेपरच्या कोऱ्या पाठीवर छापले गेले.

आजच्या गृहिणीला वा गृहस्थाला हाच मार्ग मोकळा आहे. एक मोठा तुकडा भिंतीच्या डागडुजीसाठी राखावा. उरलेल्यातून कपाटाच्या खणांना अस्तर, वह्यांना वेष्टने, पुठ्ठ्याच्या खोक्यांना आवरणे करावीत. साध्या कागदाला पाठीमागून पातळ खळ लावून काही मिनिटे थांबावे; ओलाव्याने तो पुरता फुगल्यावर चिकटविला, तर बुडबुडे येत नाहीत. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदाच्या दर्शनी बाजूवर खळ धरत नाही. त्याचे जोड एकमेकांवर चढवू नयेत.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. एकोणिसाव्या शतकातील कित्येक हिरव्या वॉलपेपरांच्या रंगात सोमल असे. म्हणून जुन्या भिंतीवरून काढलेला कागद वापरू नये आणि कोणताही वॉलपेपर खाद्यपदार्थांना लागू देऊ नये.

शेवटी, खोक्याच्या तळाशी त्या खोलीचे नाव व साल लिहावे. भिंत पुन्हा रंगविली गेली, तरी त्या खोलीचे एक चिन्ह घरात राहील.