इष्टांक येतो कुठून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिधापत्रिकेच्या कामासाठी गेलेल्या माणसाच्या कानी एक शब्द हमखास पडतो : इष्टांक. कागदपत्रे सगळी ठीक असतात, पण 'इष्टांक पूर्ण झाला आहे' असे ऐकून माणूस परततो. मी अमळनेरला बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकविले, म्हणून लोक मलाच विचारतात, "सर, हा आकडा ठरवतं कोण?"

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने देशातील 75 टक्के ग्रामीण आणि 50 टक्के शहरी लोकांना स्वस्त धान्य देण्याचे ठरविले. प्रत्येक राज्याचा वाटा काढताना राष्ट्रीय नमुना पाहणीतील 2011-12 च्या कुटुंबखर्चाचे आकडे धरले. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागासाठी 76.32 आणि शहरी भागासाठी 45.34 टक्के आले. 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्येला हे प्रमाण लावले, की सुमारे 7 कोटी माणसे होतात. इष्टांक तो हाच. आणि त्या पाहणीत देशभरातली कुटुंबे होती सुमारे 1 लाख.

1 लाख कुटुंबांवरून 121 कोटींचा हिशेब! शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच ती खरी ठरते. आपला समाज तसा नाही. म्हणून पाहणी करणारे आधी घरांचे गट पाडतात. 2022-23 च्या कुटुंबखर्च पाहणीत गावातली घरे जमिनीवरून आणि शहरातली घरे मोटारीवरून वेगळी केली होती. समजा, एका वस्तीत 200 घरे आहेत आणि मोटार फक्त 20 घरांपुढे आहे. सरसकट 10 घरे उचलली, तर मोटारवाले एखादेच हाती लागेल. म्हणून मुद्दाम 4 मोटारवाली आणि 6 बिगरमोटारीची घेतली. आता हिशेबात प्रत्येक मोटारवाले घर 5 घरांच्या वतीने बोलते आणि दुसरे प्रत्येक घर 30 घरांच्या वतीने. या 5 आणि 30 ला गुणक म्हणतात. तो लावला नाही, तर वस्तीत 40 टक्के लोकांकडे मोटार आहे, असे उत्तर येईल!

हे झाले ठरवून केलेले कमी-जास्त. न ठरविता होणारे वेगळेच. भरदुपारी दार वाजविले तर कोण भेटते, त्यावर उत्तर अवलंबून असते. समजा, 60 पुरुष आणि 40 बाया भेटल्या. नळाचे पाणी पुरते का, असे विचारल्यावर 48 पुरुष 'हो' म्हणाले, बायांपैकी मात्र 20 च. (पाणी भरतं कोण, हे सांगायला नकोच.) नुसती बेरीज 68 टक्के. गावात दोघेही निम्मे-निम्मे असतील, तर पुरुषांचे वजन कमी करून बायांचे वाढवावे लागते. मग 65 टक्के येतात.

वय, शिक्षण, वस्ती असे सगळेच जुळवायचे असेल तर? डेमिंग आणि स्टीफन या दोघांनी 1940 मध्ये अमेरिकेच्या जनगणनेसाठी युक्ती काढली. आधी वय जुळवायचे, मग शिक्षण. तोवर वय थोडे सरकते, ते पुन्हा जुळवायचे. बाज आवळताना एक दोरी ताणली की दुसरी सैल पडते, तसेच हे. फेऱ्या मारत राहिले, की बाज घट्ट होते.

पण दोरी फार ताणणेही बरे नाही. 2016 मध्ये अमेरिकेतील एका निवडणूक चाचणीत 19 वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचे वजन सरासरीच्या 30 पट धरले गेले. त्याच्या गटातले फारसे कोणी चाचणीत नव्हतेच. त्याने उत्तर दिले, की ट्रम्प यांच्या बाजूचा आकडा हलायचा.

मला स्वतःला याहून मोठी अडचण वाटते ती कुलपाची. आपल्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात, महिनोन्महिने घर बंद असते. राष्ट्रीय नमुना पाहणीत अशा घराऐवजी त्याच गटातले दुसरे घर घेता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बदली घर चालत नाही. न मिळालेल्या घराचे वजन मिळालेल्यांवर वाटले जाते. दोन्हीकडे परिणाम एकच : बंद घराच्या वतीने शेजारी बोलतो. आणि शेजारी घरी सापडतो, कारण त्याच्या विहिरीला पाणी असते. गुणक कितीही काटेकोर काढा, ही तफावत त्यात उतरत नाही.

शिवाय वजन जुळवायचे कशाशी? जनगणनेशी. 2021 ची जनगणना कोरोनामुळे वेळेवर झाली नाही आणि इष्टांकाचा पाया वर्षानुवर्षे 2011 चाच राहिला. पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस 2025 च्या जूनमध्ये जाहीर झाला. त्या सुमारास आपल्याकडची कापूसवेचणी आटोपलेली असते, ऊसतोड मात्र चालूच असते. ती कुटुंबे मोजली गेली तर कोपीवर मोजली जातील, गावात नव्हे.