पाहुण्यांचे भाडे आणि प्राप्तिकर

नाताळच्या सुटीत तारकर्ली वा गुहागर येथील आपले घर पर्यटकांस चार दिवस भाड्याने देणाऱ्या गृहस्थास, एवढ्या अल्प मुदतीच्या प्राप्तीची सरकारदरबारी नोंद कशास हवी, असे वाटणे स्वाभाविक असले, तरी मुदत अल्प असो वा दीर्घ, हे भाडे त्याच्या एकूण वार्षिक उत्पन्नाचाच भाग ठरते व विवरणपत्रात ते दाखविणे क्रमप्राप्त असते. कायद्याने सवलतही ठेविली आहे: वर्षभराच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा जाता उरणाऱ्या रकमेपैकी 30 टक्के भाग, दुरुस्तीच्या पावत्या मागितल्यावाचून, करमुक्त सोडला जातो. आरक्षण ऑनलाइन कंपनीमार्फत झाले असून तिने उगमस्थानीच कर कापला असेल, तर त्याची नोंद प्राप्तिकर खात्याकडे आपल्या पॅन क्रमांकाखाली आधीच झालेली असते. सबब प्रत्येक मुक्कामाची तारीख व रक्कम वहीत टिपून ठेवावी आणि विवरणपत्र भरताना वहीतील व खात्याकडील नोंदींचा मेळ घालावा.