परसांत फळझाड लावावें काय?



मृगाचे दिवस जवळ आले कीं घरोघर एक प्रश्न हमखास निघतो. घरामागें थोडी मोकळी जागा असते, रोपें विकणारा दारावरून जातो, आणि कोणी तरी म्हणतें, "यंदा आंब्याचें एक कलम लावूं या." मुलें त्या क्षणापासून आंबे मोजूं लागतात. झाड कसें लावावें हें सांगणारे पुष्कळ आहेत. लावावें कीं लावूं नये, हें ठरविण्यास मात्र फारसें कोणी बसत नाहीं. आज आपण तेवढेंच करूं.

माझें घर कड्याचें. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नगर–जामखेड रस्त्यावरचें हें गांव. जिल्ह्याची पावसाची सरासरी सुमारें साडेसहाशें मिलिमीटर सांगतात; परंतु सरासरी हा शब्द आमच्याकडे फार फसवा आहे. एखादें वर्ष भरभरून देतें आणि पुढचीं दोन वर्षें हात आखडून बसतात. जमीन बहुतेक हलकी, मुरमाड. अशा गांवीं परसांतलें झाड ही नुसती हौस राहत नाहीं. घरांतल्या पाण्यावर जेवणारें तें एक माणूसच होऊन बसतें.

हें मला उशिरां कळलें. २००६ सालीं मीं मोठ्या उत्साहानें परसांत केशर आंब्याचें एक कलम आणि मोसंबीचें एक कलम लावलें. तिसरें झाड सीताफळाचें. तें विकत आणलेलें नव्हतें. उकिरड्याच्या कडेला टाकलेल्या बियांतून आपोआप उगवलेलें रोप आईनें उचलून कुंपणाशीं लावलें होतें. पहिलीं दोघें माझीं लाडकीं. तिसऱ्याकडे माझें लक्षच नसे. पांच-सहा वर्षें सारें ठीक चाललें. मोसंबीनें फळें दिलीं, तीं मीं पाहुण्यांस अभिमानानें दाखविलीं.

मग २०१२ सालचा पाऊस हुकला. २०१३ च्या उन्हाळ्यांत आमची विंधनविहीर आटली आणि आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसूं लागलों. आठ दिवसांनीं दोनशें लिटरचीं दोन पिंपें भरून मिळत. त्यांतलें धुण्याचें, भांड्यांचें पाणी आम्ही झाडांस घालीत असूं. तें पुरेना, म्हणून मीं रात्रीं पिंपांतल्या दोन घागरी मोसंबीस घालूं लागलों. एके दिवशीं सकाळीं शेजारच्या बाई कळशी घेऊन दारांत आल्या. त्यांच्या घरीं लहान मूल आजारी होतें. त्यांची नजर मोसंबीच्या ओल्या आळ्याकडे गेली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्या गेल्यावर आई एवढेंच म्हणाली, "झाडाला घातलंस तें पाणी कोणाचं होतं रे?" त्या दिवसापासून मीं मोसंबीस पाणी घातलें नाहीं. वैशाख संपण्यापूर्वीं ती वाळली. आंब्याच्या अर्ध्या फांद्या गेल्या. त्या वर्षीं मराठवाड्यांत मोसंबीच्या मोठमोठ्या बागा वाळल्या आणि लोकांनीं त्या कुऱ्हाडीनें तोडल्या; त्यांच्यापुढें माझें एक झाड तें काय! परंतु तें तोडतांना हात जड झाला खरा.

आणि सीताफळ? त्यानें दर उन्हाळ्याप्रमाणें पानें टाकलीं, काड्या घेऊन स्वस्थ उभें राहिलें, आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर पुन्हां फुटलें.

या अनुभवावरून मीं स्वतःस चार प्रश्न घालून घेतले आहेत. तेच आपणांपुढें ठेवितों.

पहिला प्रश्न जागेचा. रोप हातभर असतें, म्हणून आपण तें भिंतीपासून हातभर अंतरावर लावितों. आंब्यास चोहोंकडून तीस फुटांचा संसार लागतो. चिंच तर त्याहूनहि पसरते, आणि लहान परसांत तिला थारा देऊं नये. सीताफळास बारा-पंधरा फूट पुरतात, पेरू आणि लिंबू यांस वीस. दिवसांतून निदान सहा तास ऊन, वर विजेची तार नाहीं, खालीं सांडपाण्याचा नळ नाहीं, आणि फांदी शेजाऱ्याच्या अंगणांत जाणार नाहीं, एवढें पाहून मगच खड्डा खणावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो सर्वांत मोठा. पावसाळ्यांतलें पाणी मोजूं नये, चैत्र-वैशाखांतलें मोजावें. हिशेब सोपा आहे. कोंवळ्या रोपास दर चौथ्या दिवशीं पंधरा लिटर धरा. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांत तीस पाळ्या होतात. म्हणजे एका रोपास साडेचारशें लिटर, तीन रोपांस साडेतेराशें. आतां दुसरी बाजू पाहा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी होतें. साडेसहाशें मिलिमीटरांचे पासष्ट हजार लिटर! त्यांतले पांच हजार लिटर झांकलेल्या टाक्यांत सांठविले, तर तीन रोपें उन्हाळा सहज काढतील आणि पिण्याच्या पिंपास हात लावावा लागणार नाहीं. बुंध्याजवळ सच्छिद्र मडकें पुरून तें भरावें आणि आळ्यांत पाचोळा पसरावा, म्हणजे पाणी उन्हांत उडत नाहीं. ज्याच्यापाशीं टांकें नाहीं आणि ज्याची विहीर माघांतच तळ दाखविते, त्यानें मोसंबीच्या वाटेस जाऊं नये. फळावर आलेलें तें झाड उन्हाळ्यांत रोज कित्येक घागरी पाणी मागतें.

तिसरा प्रश्न वर्षांचा. कलमी आंबा चार-पांच वर्षांनीं फळतो, कोयीचा सात-आठ वर्षांनीं. सीताफळ तिसऱ्या-चवथ्या वर्षीं. तेवढीं वर्षें घरांत कोण राहणार आहे? २०२२ च्या सप्टेंबरांत नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्यास स्थानक झालें. २०२५ च्या सप्टेंबरांत ती बीडपर्यंत पोंचली. सोय झाली हें उत्तमच; परंतु तरुण मंडळी शिक्षणास आणि नोकरीस बाहेर जातात, घरीं दोघे वृद्ध उरतात, आणि झाडाचें पाणी त्यांच्या खांद्यावर येतें. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यानें तर पपई, शेवगा यांवरच समाधान मानावें. वर्षभरांत हाती कांहीं येतें.

चवथा प्रश्न खाणाराचा. झाड आपल्या सवडीनें पिकतें, आपल्या नव्हे. सीताफळें नवरात्रापासून दिवाळीपर्यंत एकदम येतात. डोळे उघडून मधल्या फटी पिवळट दिसूं लागल्या कीं फळ उतरावें. तीन-चार दिवसांत तें पिकतें, आणि पिकल्यावर थांबत नाहीं. वाटण्याची तयारी नसेल तर तें कुजतें.

या चार प्रश्नांचीं उत्तरें जमलीं, तर आमच्या बाजूच्या परसास मी सीताफळ सुचवीन. बालाघाटच्या डोंगरांत तें आपोआप वाढतें. शेळ्या-गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. अंबाजोगाईस त्याचें संशोधन केंद्र असून 'धारूर ६' हा वाण तेथलाच. त्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. फुलांतला स्त्रीभाग आधीं तयार होतो आणि पराग मागाहून, त्यामुळें फुलें पुष्कळ, फळें थोडीं, अशी तक्रार असते. सकाळीं मऊ कुंचल्यानें पराग लावल्यास फळधारणा वाढते. पिठ्या ढेकूण फळांवर बसतो, म्हणून बुंध्यावर मुंग्या चढूं देऊं नयेत. बिया विषारी असतात. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून उवांसाठीं ती केसांस लावण्याचा जुना उपाय घरांत मुळींच करूं नये.

दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यांतच खणून तापूं द्यावा, चांगली माती व कुजलेलें शेणखत यांनीं भरावा, आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावें.

आणि उत्तरें जमलीं नाहींत तर? तर लावूं नये, आणि त्याबद्दल खंतहि करूं नये. न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ वाढविणारें परस कांहीं कमी शोभत नाहीं. पाणी न घालतां मरूं दिलेल्या झाडापेक्षां न लावलेलें झाड बरें.

आमच्या परसांत मोसंबीची जागा अजून मोकळी आहे. आईच्या सीताफळाच्या फांद्या आतां कुंपणापलीकडे गेल्या आहेत. मघां सांगितलेला शेजाऱ्याच्या अंगणाचा नियम मीं तेवढ्यापुरता मोडला आहे. त्या फांद्यांचीं फळें शेजारचे लोक उतरवून घेतात. तो आजारी मुलगा आतां चांगला मोठा झाला आहे. झाडावर तोच चढतो.